रुग्ण पुन्हा आली नाही

६ जानेवारी

ठमे,

नव्या शहरात तुझं बस्तान बसलं, हॉस्पिटलातल्या तुझ्या खोलीच्या दारावर नावाची पाटी लागली, हे आईकडून कळलं. पाटी केवढी आहे, अक्षरं पितळेची की नुसती रंगवलेली, हे विचारायचं तिच्याकडून राहून गेलं आणि आता दिवसभर त्याचीच चुटपुट लागली आहे तिला. तेवढं कळव.

इथे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे बरोबरी होते. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. मी हल्ली कापड बेतत नाही, ते तुला ठाऊक आहेच. बेतायचं काम कारागीर करतो, मी काज-बटणं आणि हातशिलाई बघते. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू रोज डोकावून म्हणतात, "अहो, वीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईने बटणं कसली लावायची?" मी हसून सोडून देते.

एक काम होतं. पंधरा तारखेला माझ्या ऑपरेशनला वर्ष होईल. गालातली गाठ काढल्यावर कानापुढे जो खड्डा पडला होता, तो तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी बुजवला त्याला वर्ष. तुझ्या जाण्याच्या गडबडीत माझं शेवटचं माप राहिलं. नोव्हेंबरात, म्हणजे दहाव्या महिन्यात, तू कॅमेऱ्याने घेतलेल्या मापाचा आकडा मला तोंडी सांगितला होतास. तो मी विसरले. वहीतून बघून एका ओळीत लिहून पाठव. वर्ष झाल्यावर आपल्याकडे काहीतरी लिहिलेलं असावं असं वाटतं, बाकी काही नाही.

थंडीत कान झाकून जात जा.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ठमे,

तुझं पत्र मिळालं. इतक्या लगबगीने उत्तर देशील असं वाटलं नव्हतं. "ताई, सत्त्याण्णव टक्के. उजवा गाल डाव्यासारखाच. आता आकड्यांचा नाद सोड आणि मजेत राहा." पाठोपाठ ते हसरं तोंडही काढलं आहेस, लहानपणी वहीच्या कोपऱ्यात काढायचीस तसं.

सत्त्याण्णव. बरं.

आईने ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, आम्ही काय सांगत होतो. मग दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोलीतल्या आरशावरची चादर नीट खोचली. हो, ती चादर अजून आहे. गिऱ्हाइकं आली की मी बाजूला करते, ती गेली की आई परत टाकते. मागच्या आठवड्यात एक बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे आरशाला पण थंडी वाजते वाटतं." आई म्हणाली, "धूळ बसते हो." खरं कारण असं की ऑगस्टात तू आईला बाजूला घेऊन सांगितलं होतंस, ताईला भ्रम व्हायला लागलाय, तिला आरशापासून लांब ठेव.

तुला आणखी एकच विचारते. दहाव्या महिन्याचा आकडा नक्की तू स्वतः घेतलेल्या मापातून दिलास ना? वहीत बघितलंस, की आठवणीने लिहिलंस? घाईत माणसाकडून चूक होते. चूक झाली असेल तर ती सांगायला ही चांगली वेळ आहे. मी रागावणार नाही.

उत्तराची वाट बघते.

ताई


४ फेब्रुवारी

ठमे,

पंधरा दिवस झाले. उत्तर नाही. आईला मात्र तीन फोन आले, आणि तिन्ही वेळा मी दुकानात असताना.

तर आता मीच सांगते. मी तुला खोटं लिहिलं. माझं शेवटचं माप राहिलं नव्हतं. ते अठरा डिसेंबरला झालं. सहा जानेवारीला तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं कळून तीन आठवडे होत आले होते. आकडाही मी विसरले नव्हते. मला बघायचं होतं, की विचारल्यावर तू काय सांगतेस. दोन वेळा दार उघडं ठेवलं. तू दोन्ही वेळा आत आली नाहीस.

आता क्रमाने लिहिते. तू तुझ्या बाजूने काही वेगळंच लिहून ठेवलेलं आहेस, म्हणून माझ्या बाजूने हे कागदावर असू दे.

माझी गाठ लाळेच्या ग्रंथीत होती. साधी निघाली, पण काढली तेव्हा उजव्या कानापुढे मूठभर मांस गेलं. तोंड वाकडं झालं नाही, हे नशीब. पण समोरून बघणाऱ्याला चेहऱ्याची एक बाजू भरलेली आणि एक बाजू चेपलेली दिसायची. मी आधी त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, आठवतं? त्या म्हणाल्या होत्या, "पोटावरची चरबी काढून गालात भरता येते. पण नव्या जागी जेवढीला रक्त मिळतं तेवढीच जगते, बाकीची शरीर जिरवून टाकतं. दोन बैठका लागतील, कदाचित तीन. आणि हुबेहूब सारखा होणार नाही." मी घरी येऊन तुला सांगितलं, तर तू हसलीस. "ताई, ती बाई जुनी झाली. आमचे मोठे डॉक्टर एकाच बैठकीत करतात. तीस जणांचा अभ्यास चाललाय. मापं मीच घेते. तू माझ्या डोळ्यांसमोर राहशील."

तुझ्या डोळ्यांसमोर. त्या एका वाक्यावर मी सही केली.

पहिले तीन महिने गाल काय दिसत होता! एप्रिलमध्ये तू मला त्या कॅमेऱ्यांच्या कमानीखाली बसवलंस, हनुवटी टेकवून घेतलीस आणि म्हणालीस, "अठ्ठ्याण्णव." मी तिथल्या तिथे रडले. तूही रडलीस. ते रडणं खरं होतं असं मी आजही समजते.

जूनमध्ये मला वाटलं, कानापुढे सैल पडतंय. मी शिंपीण आहे, ठमे. दारातून आत आलेल्या माणसाचा कुठला खांदा अर्ध्या बोटाने उतरलाय हे मला तो बसायच्या आधी दिसतं. मी तुला म्हटलं, "बसतोय गं गाल." तू म्हणालीस, "सूज उतरतेय, सत्त्याण्णव." जुलैमध्ये सत्त्याण्णव. ऑगस्टमध्ये मी हट्टाला पेटले, तेव्हा तू माझा हात हातात घेऊन म्हणालीस, "ताई, असं होतं लोकांना. ऑपरेशननंतर मन चेहऱ्याला चिकटून बसतं. जे नाही ते दिसायला लागतं. यंत्र खोटं बोलेल का?" आणि मला त्या समुपदेशनवाल्या बाईंकडे पाठवलंस. सहा वेळा गेले मी. दर वेळी त्या विचारायच्या, "आज आरशात किती वेळा बघितलंत?" मी शाळकरी मुलीसारखी खोटं सांगायचे.

मग एकदा मी एका कोटाची पुढची बाजू बेतताना खडूची रेघ मारली, आणि ती सरळ आहे की नाही हे मला कळेना. टेप लावली. बरोबर होती. तरी विश्वास बसेना. माझ्या डोळ्यांत खोट आहे असं घरातली दोन माणसं आणि एक यंत्र सांगत होतं. मी कात्री खाली ठेवली, ती ठेवलीच. बटणं लावायला लागले.

अठरा डिसेंबरला तुझ्या जागी ते चष्मेवाले काका होते, निवृत्त झालेले, महिनाभरासाठी बोलावलेले. त्यांनी माप घेतलं आणि सहज म्हणाले, "बरीच जिरली हो चरबी. बत्तीस मिलिलिटर घातली होती, आता तेरा उरलीये. दुसऱ्या बाजूच्या मानाने अकरा कमी. पुढची बैठक कधी ठरलीय?"

मी म्हटलं, "पण मागच्या महिन्यात सत्त्याण्णव टक्के होतं ना?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्यात डोकं घातलं. "मागच्या महिन्यात? तुमचं शेवटचं माप एप्रिलमधलं आहे. पुढे लिहिलंय, रुग्ण पुन्हा आली नाही."

"मी दर महिन्याला आलेय, काका. याच खुर्चीत बसलेय."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. एप्रिलनंतरच्या सात ओळी रिकाम्या होत्या. शेरा होता आणि शेऱ्यापुढे तुझी सही. ती सही तुला मीच गिरवून घेऊन शिकवली होती.

ताई


२७ फेब्रुवारी

ठमे,

आईच्या फोनवरून तू मला निरोप दिलास, की "ताईने आता हे प्रकरण ताणू नये." मी ताणणार नव्हते. तुझ्यावर विश्वास बसो वा न बसो, पण मी खरंच गप्प बसणार होते. घरातली गोष्ट घरात राहील, असं ठरवून टाकलं होतं.

पण परवा मी माझे कागद मागायला तुझ्या जुन्या हॉस्पिटलात गेले होते. बाहेर बसायच्या जागी भिंतीवर एक मोठं चित्र लावलंय. "एक बैठक, पूर्ण चेहरा." खाली दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. डोळ्यांवर काळी पट्टी आहे, पण ब्लाउजची कॉलर मी स्वतः शिवलेली आहे, ती कशी चुकेल? नंतरचा फोटो एप्रिलमधला. मी मलाच बघत उभी राहिले.

बाकावर एक बाई बसल्या होत्या, शाळेत शिकवतात. गालाला पट्टी. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "छान झालंय ना यांचं? मी डॉक्टरांना सांगितलंय, मला अगदी या बाईंसारखा गाल हवा."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. उजेड माझ्या उजव्या बाजूने येत होता. त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं, सभ्य माणसं जशी पटकन नजर काढून घेतात तशी काढून घेतली, आणि म्हणाल्या, "तुमचं अजून व्हायचंय का?"



मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "बाई, त्या चित्रातली मीच आहे." त्यांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत वर पाहिलं. त्यांच्या हातातला अर्ज चुरगळत गेला. "पण मग त्यांनी असं का लावलंय?" शिक्षिका आहेत, प्रश्न सरळ विचारतात. मी म्हटलं, "ते मलाही विचारायचंय. तुम्ही सही करायची थांबा. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनाही विचारा."

त्या दिवशी घरी येऊन मी तक्रार लिहिली. हॉस्पिटलच्या चौकशी समितीला. चार पानी. त्यात तुझं नाव नाही. "मापं घेणाऱ्या कर्मचारी" एवढंच आहे. ते तरी का लपवलं, हे मला विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल भांडी आवरताना पाठमोरीच म्हणाली, "तिची नोकरी जाईल." मी म्हटलं, "माझा गाल गेला, आई." ती म्हणाली, "गाल गेला तरी तू जेवतेस ना?" तुझी आईच ती, ठमे. माझीही आहे, पण कधी कधी वाटतं, की तुझी जरा जास्त आहे.

ताई


२१ मार्च

ठमे,

काल समितीपुढे जाऊन आले. तुला कुणाकुणाकडून कळेलच, पण माझ्याकडून आधी कळावं म्हणून लिहिते.

चार जण होते. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास. अध्यक्ष उंच, शांत गृहस्थ. त्यांच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा अर्ध्या बोटाने लांब होती, आणि ती मला दिसली. किती महिन्यांनी असं काही दिसलं आणि दिसलेलं खरं वाटलं!

मोठे डॉक्टर तिथे नव्हते. त्यांचं पत्र होतं. अध्यक्षांनी ते वाचून दाखवलं. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की मापं घेणं आणि नोंदी ठेवणं हे काम संपूर्णपणे तुझं होतं, आणि कोण येतं कोण येत नाही याची त्यांना कल्पना नव्हती. तुला त्यांनी नव्या शहरात नोकरीला लावलं, दारावर पाटी लावून दिली, आणि एका परिच्छेदात सोडून दिलं.

मग मला विचारलं, "दर महिन्याचे आकडे तुम्हाला कोण सांगत होतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

हो, असं म्हटलं मी. तुझा तो पहिला पांढरा कोट आठवला, तुला नोकरी लागली तेव्हा मी रात्रंदिवस बसून शिवलेला. आठवत नाही, म्हटलं.

तेव्हा एक सदस्य, अगदी गोड आवाजात, म्हणाले, "हे बघा, अशा ऑपरेशननंतर रुग्णांचा गोंधळ होणं स्वाभाविक असतं. कदाचित तुम्ही खरंच आला नसाल. कदाचित आकडे तुम्हाला तसे वाटले असतील. तुम्ही समुपदेशनालाही जात होतात असं दिसतं."

तुझेच शब्द, ठमे. तुझाच सूर. फक्त हात हातात घेतला नाही, इतकंच.

मी पिशवीतून वही काढली. ही वही मी तुला कधी दाखवली नाही, कुणालाच नाही. जूनपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला मी न्हाणीघराला कडी लावून स्वतःचा चेहरा मोजत होते. कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत टेप, दोन्ही बाजूंनी. शिवाय मऊ तार गालावर दाबून तिचा आकार खाकी कागदावर उतरवलेला, एका बाजूला डावा, एका बाजूला उजवा. आपण बाहीचा घेर काढतो तसाच. मला लाज वाटायची. वाटायचं, हेच ते वेड. म्हणून पिठाच्या डब्यामागे ठेवत होते.

अध्यक्षांनी सातही कागद टेबलावर ओळीने मांडले. उजवी रेघ महिन्यागणिक आत आत गेलेली. चष्मेवाले काका मागच्या खुर्चीत होते, त्यांना बोलावलं होतं. ते उठून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "माझ्या यंत्राचं डिसेंबरचं माप आणि यांची शेवटची रेघ एकमेकांवर ठेवून बघा. बसतील." ठेवून पाहिल्या. बसल्या.

ते गोड आवाजाचे सदस्य पाणी प्यायले.

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. "आकडे कोण सांगत होतं?"

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि म्हटलं, "ती माझी सख्खी बहीण आहे."

अध्यक्षांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

ताई


१८ एप्रिल

ठमे,

तुझं लांबलचक पत्र आलं. आठ पानं. लहानपणापासून आजवर तू मला एवढं मोठं पत्र लिहिलेलं नाहीस, आणि लिहिलंस ते नोकरी गेल्यावर. मी ते तीनदा वाचलं. आईला एकदाच दिलं. तिने वाचून परत दिलं आणि देवघरात न जाता सरळ अंथरुणावर जाऊन पडली.

तू लिहितेस, "ताई, एप्रिलमध्ये तू इतकी खूश होतीस, तो आनंद मला तुझ्याकडून काढून घेववेना." हे पहिल्या पानावर. पाचव्या पानावर तू लिहितेस, की डॉक्टर म्हणाले होते, तीसपैकी चार-पाच गाल बसले तर निष्कर्ष बिघडेल, ज्यांचा बिघडलाय ते येत नाहीत असंच धरू. आणि सातव्यावर, की नव्या हॉस्पिटलातली जागा तुला त्याच सुमाराला कबूल झाली.

पहिलं पान खरं असेल. पण तेवढ्यासाठी तू मला एकदा खोटं सांगितलं असतंस. मे महिन्यात, फार तर जूनमध्ये. मग एखाद्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली असतीस आणि मी तुला तिथल्या तिथे माफ केलं असतं. मला जे जमत नाहीये ते ऑगस्टचं आहे. माझा गाल बसतोय हे तुला दर महिन्याला पडद्यावर दिसत होतं. तुला दिसत होतं आणि मलाही दिसत होतं. खोलीत दोघीच होतो. त्या खोलीत तू मला सांगितलंस, की तुला जे दिसतंय ते नाही. आईच्या मनात भरवलंस. माझ्या आरशावर चादर टाकायला लावलीस. मी कात्री सोडली तेव्हा तू दुकानात येऊन बघितलंस, आणि म्हणालीस, "बरं झालं, जरा विश्रांती घे."

गालात अकरा मिलिलिटर कमी पडलं त्याचा दोष मी तुला देत नाही. शरीर आहे, जिरवलं. कापडही पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून तर आपण शिवणीत माया सोडतो. मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा सोडली होती, बत्तीस घातलं ते त्यासाठीच. ती कमी पडली. कमी पडली असं म्हणायला काय हरकत होती? अभ्यासातल्या ज्यांचा गाल बसेल त्यांना वर्षाच्या आत दुसरी बैठक मिळणार होती. "पुन्हा आली नाही" असं लिहिल्यामुळे मला कुणी बोलावलंच नाही. आणि माझ्यासारखे आणखी सहा निघाले. त्यांतल्या एका बसचालकाला तर त्याच्या बायकोनेच सांगितलं होतं, की तुझ्या मनाचे खेळ आहेत. तिला कुणी सांगितलं होतं? तूच, फोनवरून.

तू शेवटी विनंती केली आहेस, की मी समितीला लिहावं, डॉक्टरांनीच तुला हे करायला सांगितलं. ठमे, मी तिथे नव्हते. मला जे दिसलं नाही ते दिसलं असं मी लिहिणार नाही. तुला त्यांनी सांगितलं असेल तर तू जा, त्या लांब टेबलापुढे बस आणि तुझ्या तोंडाने सांग. भीती वाटेल. मलाही वाटली होती. तारीख, वार, त्यांचे शब्द, सगळं लिहून ने. कागद जवळ असला की धीर येतो.

आणखी एक. तू विचारतेस, "तू आधी मला का नाही विचारलंस, सरळ समितीकडे का गेलीस?" सहा जानेवारीचं पत्र काढून वाच. मग एकोणीसचं वाच.

ताई


९ जून

ठमे,

तू समितीपुढे जाऊन आलीस, दोन तास बोललीस आणि डॉक्टरांच्या हातच्या दोन चिठ्ठ्याही दिल्यास, हे चष्मेवाल्या काकांनी दुकानात येऊन सांगितलं. पँट अल्टर करायचं निमित्त काढून आले होते. अभ्यास बंद केला, भिंतीवरचं चित्र उतरवलं, सातही जणांना पुन्हा बोलावलं आहे. तू बोललीस हे बरं केलंस. हे मी मनापासून लिहिते. त्याने माझ्या मनातलं सगळं धुऊन निघालं असं मात्र समजू नकोस.

शिक्षिकाबाई येऊन गेल्या. त्या आता म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जातात. मीही तिकडेच चाललेय. बाईंनी माझा गाल बोटांनी चाचपला, दिव्याखाली दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "किती सारखा व्हायला हवाय तुम्हाला?" मी म्हटलं, "जमेल तेवढा. पण जेवढा झाला तेवढाच सांगा." त्या म्हणाल्या, "निम्मी चरबी जाईल. सहा महिन्यांनी परत बघू. थोडा फरक जन्मभर राहील." मला इतकं हलकं वाटलं, की मी त्यांच्यापुढे हसले. त्यांना वाटलं असेल, ही बाई वाईट बातमीवर हसते.

मागच्या सोमवारपासून मी परत कापड बेतते. पहिल्या कोटाची रेघ मारली आणि टेप न लावता कात्री चालवली. इस्त्रीवाल्या काकू इस्त्री तापत ठेवून बघायला आल्या आणि संपेपर्यंत हलल्या नाहीत. आईने चादर धुतली, वाळवली आणि घडी घालून कपाटात ठेवली.

तू लिहिलं आहेस, की तुला ऑपरेशनच्या वेळी इथे यायचंय, माझ्या उशाशी बसायचंय. आईनेही तुझी बाजू मांडली, "रक्ताची आहे, येऊ दे."

काल दाखल होण्याचा अर्ज भरायला गेले होते. त्यात एक रकाना असतो, काही झालं तर कुणाला कळवायचं. मी इस्त्रीवाल्या काकूंचं नाव लिहिलं. नातं, शेजारीण. खिडकीतल्या बाईंनी ते वाचून विचारलं, "सख्खं कुणी नाही का?"

"आहे," मी म्हटलं. "धाकटी बहीण आहे."

"मग तिचं घालू या का? दोन्ही चालतात."

मागे रांग होती, कुणीतरी खोकलं. तुझं नाव हातात आलं होतं गं, पेनाच्या टोकापर्यंत.

"नको," मी म्हटलं. "तिला मी नंतर स्वतः सांगेन."

माझं कसं आहे हे यापुढे तुला माझ्याकडूनच कळेल, आणि मला दिसेल तेवढंच कळेल. कधीतरी मी तुला ये म्हणेन. आज म्हणवत नाही.

ऑपरेशन बावीस तारखेला आहे. येऊ नकोस.

ताई